रोजच्या गाडीला गिअर हातातच हवा: घाट, गर्दी आणि डावा पाय

कुंभार्लीकर

घरातली जुनी डिझेल हॅचबॅक बदलायची वेळ आली आहे. चिपळूण-कराड हा आमचा नेहमीचा रस्ता, त्यामुळे कुंभार्ली घाट काही चुकत नाही. शोरूममध्ये मॅन्युअल म्हटलं की "आता कोण घेतं, सर?" असं ऐकायला मिळतं. घरी मुलीचा आग्रहही ऑटोमॅटिकचाच आहे. मला मॅन्युअल हवी आहे आणि ती का, हे एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय. एरवी ही चर्चा 'चालवायची मजा' आणि 'सोय' यांच्यातच घुटमळते. रोजच्या गाडीत मजा हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे.

माझं म्हणणं असं, की गिअर बदलायचा तो पुढचा रस्ता बघून, आणि पुढचा रस्ता दिसतो तो माणसाला. ऑटोमॅटिकच्या कॉम्प्युटरला कळतं काय? गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, आणि नव्या गाड्यांत चढ आहे की उतार. हे सगळं चाकाखालच्या रस्त्याबद्दल झालं. वळणापलीकडून काय येतंय याचा त्याला पत्ता नसतो. पोफळी मागे टाकून चढायला लागलं की हे वळणावळणाला जाणवतं. वरून एसटी येताना दिसली की मी अलीकडेच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, बाजूला दबतो, ती गेली की गाडी तशीच उचलते. भाच्याची ऑटोमॅटिक याच घाटात बरेचदा चालवली आहे. तिथे पाय उचलला की गिअरबॉक्सला वाटतं ओढ संपली, तो वरचा गिअर टाकतो. एसटी गेल्यावर पाय दाबला की विचार करून पुन्हा खाली येतो. नेमक्या त्याच वेळी भर चढावर गाडीत जीव नसतो.

उतरताना हे जास्त महत्त्वाचं. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, असं आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगायचे आणि त्यात शंभर टक्के तथ्य आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर भार येत नाही. हेळवाकपासून खालपर्यंत नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्या गाड्यांचा जळका वास पोफळीत येतो. पॅड तापले की धरत नाहीत, आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पॅडल थेट तळाला जातं. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मुरलेल्या ऑइलचा १४० पर्यंत उतरतो. कोकणातल्या हवेत तर ऑइलने ओलावा घ्यायला वेळ लागत नाही.

उताराला न्यूट्रल मारून डिझेल वाचतं, हा समज अजून आहे म्हणून सांगतो. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधन पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रल मारणारा बचत करत नाहीच, वर गाडीवरचा ताबाही घालवतो.

ज्यांनी दोन्ही प्रकार रोज चालवले आहेत त्यांनी लिहा. घाटाबाहेरचे अनुभवही हवे आहेत.

मुक्काम_हिंजवडी

घाटाचं सगळं मान्य. पण 'रोजची गाडी' म्हणताय तर आमचा रोज बघा. वाकड पुलापासून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपर्यंत संध्याकाळी गाडी चालत नाही, सरकते. क्लच दाब, पहिला टाक, दोन गाड्यांएवढं पुढे जा, पुन्हा क्लच दाब. घरी पोचेपर्यंत डावा गुडघा बोलायला लागतो. डॉक्टरांनी सरळ विचारलं, गाडी गिअरची आहे का? ऑटोमॅटिक घेतली आणि गुडघ्याचं दुखणं गेलं. माझ्यापुरता हा विषय तिथेच मिटला. पुढचा रस्ता बघून गिअर टाकायला पुढे रस्ता दिसायला तर हवा.

कुंभार्लीकर

गुडघ्यापुढे माझा काहीही वाद नाही. तुम्ही योग्य तेच केलंत.

ज्यांच्याकडे मॅन्युअल आहे आणि अशा गर्दीत अडकतात, त्यांच्यासाठी एक सांगतो. पुढच्या गाडीला चिकटू नका. थोडी जागा सुटू द्या, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटरला हातच लावू नका. सपाट रस्त्यावर आजची इंजिनं आपणहून फेरे सांभाळतात आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकत राहते. डिझेल तर फारच छान चालतं. थांबलात की न्यूट्रल करून पाय मोकळा. पाय सगळ्यात जास्त दुखतो तो अर्धवट क्लच धरून ठेवल्याने, आणि क्लचप्लेट जळते तीही त्यानेच.

मुक्काम_हिंजवडी

जागा सोडली की बाजूची रिक्षा त्यात घुसते. पण ॲक्सिलरेटरशिवाय पहिल्या गिअरवर सोडायचं हे खरं आहे, जुन्या गाडीत मीही तेच करायचो.

सांगली_गॅरेज

आमचं गॅरेज सांगली-मिरज रस्त्यावर आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज खोलतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'ऑटोमॅटिक' हे एकच नाव लावून चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही. घाटासाठी गाडी घेणाऱ्याने तर हे माहीत करूनच घ्यावं.

पहिला प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आला. त्यातली यंत्रणा मॅग्नेटी मारेली या कंपनीची होती. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच. तीच क्लचप्लेट, तेच गिअर. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं हातापायांऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना मान पुढे जाते ती याचमुळे: मधल्या क्षणी चाकांची ओढ तुटते. गिअर बदलणार असं वाटलं की पाय जरासा उचलायचा, झटका बराच कमी होतो. मोठा धोका चढावरच्या ट्रॅफिकचा आहे. ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरायची सवय लोकांना असते. डावा पॅडल नाही म्हणजे क्लच नाही असं त्यांना वाटतं. क्लच आहे, आणि तो त्या वेळी घासत असतो. अशा काळ्यानिळ्या पडलेल्या प्लेटा आमच्याकडे नेहमी येतात.

दुसरा सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नाहीतच. लोखंडी पट्टा आणि लहान-मोठ्या होणाऱ्या दोन पुली. शहरात याच्याइतकी मऊ चाल दुसऱ्या कशाला नाही. पाच माणसं आणि सामान भरून घाट चढायला घेतला की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. त्यातलं ऑइल कंपनीने सांगितलं तेच आणि सांगितलं तेव्हाच बदलायचं. दुसरं कुठलंही टाकलं तर पट्टा घसरून जातो.

तिसरा टॉर्क कन्व्हर्टर. हा जुना, खरा ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेट नसते, ऑइल असतं. चालू पंख्यासमोर बंद पंखा धरला की वाऱ्याने तोही फिरायला लागतो, तसं एका बाजूचं ऑइल दुसऱ्या बाजूला फिरवतं. गाडीने वेग घेतला की आतला लॉक लागतो आणि घसर थांबते. चढावर तासभर अडकलात तरी घासून जळायला क्लचप्लेट नाही. घाटासाठी ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर माझं मत याला. किंमत जास्त, मॅन्युअलपेक्षा लाखाच्या वरच फरक पडतो. एएमटीचा फरक साधारण पन्नास हजारांच्या आसपास.

चौथा डीसीटी, दोन क्लचवाला. हायवेला याच्याइतका चपळ कोणी नाही, पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो. पण कोरड्या क्लचचा असेल तर मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गर्दीत तो तापतो. आणि त्यातलं कंट्रोल युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं. ऑइलमध्ये बुडालेले क्लच असलेला प्रकार ही गरमी बरीच सोसतो.

आता मॅन्युअल. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. लहान गाडीचा हा संच हजारांत बसतो, एका दिवसात गाडी हातात, आणि हे काम तालुक्याच्या गावातला कुठलाही फिटर करतो. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बिघडला तर गाडी उचलून शहरात न्यावी लागते, आणि उचलूनच न्यावी लागते. चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढली तर बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये आतलं ऑइल फिरत नाही आणि होता तो गिअरबॉक्सही जातो. मॅन्युअल न्यूट्रल करून ओढून आणता येते. गावाकडे राहणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

एक जुना गैरसमज तेवढा सोडा. ऑटोमॅटिकला ॲव्हरेज कमी, हे आता सरसकट खरं नाही. २०२४ च्या स्विफ्टचे कंपनीचे आकडे बघा: मॅन्युअल लिटरला २४.८० किलोमीटर, एएमटी २५.७५. कॉम्प्युटर वरचा गिअर लवकर टाकतो म्हणून हे होतं.

कुंभार्लीकर

यासाठीच धागा काढला होता. मनापासून धन्यवाद. तो लवकर टाकलेला वरचा गिअर ॲव्हरेजच्या चाचणीत फायद्याचा ठरतो आणि घाटात तोच नडतो. एकाच सवयीच्या या दोन बाजू आहेत.

वाशीकर

माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॉलेजात असताना सगळे मित्र गाडी शिकले, मी मागच्या सीटवर बसायचो. हाताने क्लच चालवायची जोडणी करून घेता येते, ती मी काही वर्षं वापरली. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताला क्लच आणि गिअर दोन्ही. पाम बीच रोडला ठीक, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर घामाघूम व्हायचो. एएमटी आल्यावर मला कुठलीही जोडणी न करता, शोरूममधून थेट, माझ्या पगारात बसणारी गाडी चालवता आली. बायको-मुलांना घेऊन मी स्वतः अलिबागला गेलो. मॅन्युअलबद्दलचं तुमचं प्रेम मला पूर्ण कळतं. फक्त 'ऑटोमॅटिक म्हणजे आळशी लोकांची गाडी' असं वाक्य अशा चर्चांत हमखास येतं. या धाग्यावर ते अजून आलेलं नाही, येऊ नये एवढीच इच्छा.

कुंभार्लीकर

येणार नाही. कोणी लिहिलंच तर सगळ्यात आधी मीच विरोध करीन.

कोथरूडकर_जुना

पुण्याची बाजू. आम्ही हा प्रश्न दुचाकीवर केव्हाच सोडवला आहे. चेतकला डाव्या हाताच्या मुठीत गिअर होते, मूठ फिरवून फिरवून मनगट भरून यायचं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की चालू, गिअर नाही, क्लच नाही. आमच्या पेठेत जिने आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं अशी प्रत्येक बाई त्यावर बसली. बँकेत, शाळेत, मंडईत सगळीकडे स्वतः जायला लागली. आज गिअरची स्कूटर कोणी मागत नाही. मोटारीतही तेच होणार आणि ते चांगलंच आहे.

कुंभार्लीकर

कायनेटिक होंडाने काय केलं ते माझ्या मावशीच्या आयुष्यात बघितलं आहे, त्याचं मोल कमी नाही. पण तीच स्कूटर घेऊन ताम्हिणी उतरून बघा. स्कूटरच्या आत पट्ट्याचा सीव्हीटीच असतो आणि मागच्या चाकाला वेगावर पकडणारा क्लच. वेग एका मर्यादेखाली आला की तो क्लच सुटतो आणि इंजिनचा गाडीशी संबंधच संपतो. स्कूटर मोकळी घरंगळते, सगळा भार ब्रेकवर. सपाट पुण्यात हे कधी जाणवत नाही. चढ-उतारावर जगणाऱ्याला रोज जाणवतं. तुमचा रस्ता कुठला यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे, हे मी मान्य करतो. महाराष्ट्राच्या नकाशावर कोकण आणि देश यांच्यामध्ये जो उभा सह्याद्री आहे, तो ओलांडणाऱ्यांची बाजू मी मांडतोय. आंबा, फोंडा, आंबोली, वरंध, कुठूनही जा. कोकणातल्या कोकणात जाणाऱ्यांना कशेडी आहेच.

माणगावचा

कशेडीला आता बोगदा आहे :)

बाकी एक शंका. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड असतो ना? लिव्हर डावीकडे करून प्लस-मायनस. मग घाटात ते वापरलं की झालं. माझ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत ताम्हिणी उतरताना मी दुसऱ्या गिअरवर लावून ठेवतो, ब्रेक जेमतेम लागतो.

सांगली_गॅरेज

बरोबर करताय. ऑटोमॅटिक घेणाऱ्या प्रत्येकाने हे शिकायला हवं, आणि दुर्दैवाने गाडी देताना कोणी शिकवत नाही. लिव्हरला एस, एल, २ अशा खुणांचे खाचे असतात त्यांचाही उपयोग तोच. मात्र शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा असतो. फेरे फार वाढतील असं वाटलं तर तो खालचा गिअर नाकारतो, वेग पडला तर स्वतःच खाली येतो. इंजिन वाचवायला ते योग्यच आहे. काही नव्या गाड्या उतार ओळखून आपणहून खालचा गिअर धरून ठेवतात, तेही चांगलं चालतं. पण सीव्हीटीमध्ये आणि एएमटीमध्ये इंजिन किती धरतं ते गाडीगणिक वेगळं, स्वतः चालवून बघा.

श्टुटगार्ट_मुक्कामी

इथे पुण्याहून आलेले आम्ही बरेच जण गाड्यांच्याच कामात आहोत. एक माहिती द्यावीशी वाटते, कारण मुलांना परदेशी पाठवणारे पालक इथे वाचत असतील. भारतात एलएमव्ही, म्हणजे मोटारीच्या, लायसन्सवर गिअर आणि बिनगिअर असा भेद नाही, तो फक्त दुचाकीला आहे. युरोपात तसं नाही. भारतीय लायसन्स जर्मनीत सहा महिने चालतं, मग इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर पूर्वी फक्त ऑटोमॅटिकच चालवायची मुभा मिळायची. एप्रिल २०२१ पासून त्यात बदल झाला: मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान दहा तास आणि ड्रायव्हिंग स्कूलकडची छोटी चाचणी केली, तर परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. ब्रिटनमध्ये अजून जुनाच नियम आहे, ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सवर ७८ हा संकेतांक येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. माझ्या बहिणीला तिथे ऑफिसची गाडी याच कारणाने घेता आली नाही. मुलांना निघण्याआधी मॅन्युअल नीट शिकवून पाठवा. इथे भाड्याच्या गाड्यांतही मॅन्युअल बहुधा स्वस्त पडते.

शिकवणारी_नाशिक

मी नाशिकला बायकांना गाडी शिकवते. विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि माझं मत ठाम आहे: शिकताना मॅन्युअलवरच शिका, नंतर हवी ती घ्या.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना एकच भीती असते. सिग्नलला गाडी बंद पडेल, मागचे हॉर्न मारतील, कोणीतरी काहीतरी बोलेल. घरातल्यांनी शिकवायचा प्रयत्न केलेला असतो आणि तो ओरडण्यात संपलेला असतो. म्हणून मी पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला पाय लावूच देत नाही. मोकळ्या मैदानात नेते, पहिला गिअर टाकायला लावते आणि सांगते, आता क्लच इतका हळू सोड की टाच जमिनीवरून हलणार नाही. बघायचं काही नाही, फक्त ऐक आणि जाणव. पॅडल निम्मं वर येतं, अजून काहीच होत नाही. मग इंजिनचा आवाज एक पायरी खाली बसतो, स्टिअरिंगवरच्या तळहातांना बारीक थरथर लागते, बोनेटचं टोक किंचित वर उठतं. तिथे थांब म्हणते. गाडी आपणहून चालायला लागते. ती जागा पायाला एकदा सापडली की पुढचं शिकवणं सोपं असतं. मग त्याच जागेवर हँडब्रेक सोडून चढावर गाडी उचलायला शिकवते. गंगापूर धरणाच्या बाजूला चांगला चढ आहे, तिथे नेते. चढावर गाडी एक इंचही मागे न जाता पुढे निघाली की तिचा चेहरा मी बघते. त्यासाठी मी हे काम करते.

एवढा आटापिटा कशाला, ऑटोमॅटिक आहे की, असं मला नवरे विचारतात. त्यांना मी विचारते, तुमच्या गावी कुठली गाडी आहे? बोलेरो, पिकअप, भावाची जुनी अल्टो, सगळं गिअरचं. रात्री दोन वाजता सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं आणि दारात पिकअप असेल, तर ती चालवता यायला हवी. माझ्या एका विद्यार्थिनीने निफाडजवळच्या वस्तीवरून दिराला असंच दवाखान्यात पोचवलं. जी येईल ती गाडी चालवता आली पाहिजे, यात बाईचं स्वातंत्र्य आहे. फक्त ऑटोमॅटिक येत असेल तर ते स्वातंत्र्य शहराच्या वेशीपर्यंतच पुरतं.

आणखी एक, घाबरल्यावर पाय काय करतात ते मी रोज बघते. नवशिकी गोंधळली की दोन्ही पाय दाबते. मॅन्युअलमध्ये डावा पाय क्लचवर असतो, त्यामुळे उजवा चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तरी इंजिन नुसतं ओरडतं, गाडीला जोर मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तीच चूक झाली तर गाडी उडी मारते. पार्किंगमध्ये भिंतीवर गेलेल्या गाड्यांच्या बातम्या बघा. ऑटोमॅटिक शिकवताना मी डावा पाय मागे दुमडून ठेवायला लावते आणि तो पुढे आला की गाडी थांबवते.

कोथरूडकर_जुना

शिकवणारीताई, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. सुनेला वाचायला दिला. शिकताना मॅन्युअल, यावर माझीही सहमती.

वाशीकर

+१. फार सुंदर लिहिलंय.

चार्जिंग_पॉइंट

इलेक्ट्रिकचं कोणीच बोलत नाहीये. गिअरबॉक्सच नाही, एकच गिअर. शून्यापासून पूर्ण ओढ. तुमचा एसटीवाला प्रसंग तिथे उद्भवतच नाही, पाय दाबला की गाडी उचलते. उताराला मोटर जनरेटर होते, गाडी धरून ठेवते आणि बॅटरीही भरते. गेली काही वर्षं नेक्सॉन ईव्हीने खंबाटकी ओलांडतोय, कधी कमी पडली नाही.

कुंभार्लीकर

इलेक्ट्रिकवर माझा आक्षेप लागूच होत नाही, कारण चुकीचा गिअर लागायला मुळात गिअर हवेत. कराडच्या वाटेवर चार्जिंगची खात्री वाटली तर पुढची गाडी तीच असेल. एक मात्र लक्षात ठेवा, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर तयार झालेली वीज ठेवायला जागा नसते आणि मोटरचं धरणं कमी होतं. पाचगणीला पूर्ण चार्ज करून लगेच पसरणी घाट उतरायला घेऊ नका, थोडी कमीच भरा.

चार्जिंग_पॉइंट

हो, गाडी तशी सूचनाही देते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ऐंशी टक्क्यांवर थांबवावं.

माणगावचा

मग शेवटी काय ठरलं, काका?

कुंभार्लीकर

मॅन्युअलच. मुलीशी बसून बोललो. शिकवणारीताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि म्हणाली की चढावर गाडी उचलायला तिलाही नीट शिकायचं आहे, तिची तिथेच अडचण होती. मला हे माहीत नव्हतं. नव्या मॅन्युअल गाड्यांत हिल होल्ड येतं, ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी मागे येत नाही, ते असलेलं व्हेरिएंट घेणार आहोत. ते बहुतेक कंपन्या फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये द्यायच्या, आता काहींनी सगळ्यांत दिलं आहे. बुकिंगआधी विचारून घ्या. पन्नास हजार वाचतात त्यात चार चांगले टायर येतात, पावसाळ्यात घाटात त्यांचा उपयोग जास्त.

आणि तिला कधी शहरात नोकरी लागली, गर्दीत ऑटोमॅटिक हवीशी वाटली, तर तिने जरूर घ्यावी. हिंजवडीकरांनी लिहिलंय ते खोटं नाही.

मुक्काम_हिंजवडी

मनापासून अभिनंदन. गाडी आली की घाटातला फोटो टाका.

तळकोकण

उशिरा आलो, पण एक विचारतो. बजेट कमी आहे, सावंतवाडीला जुनी मॅनुअल घेतोय. आंबोलीला वर-खाली असतो. क्लच चांगला आहे की नाही हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं? विकणारा तर सगळं चकाचक सांगतोय.

सांगली_गॅरेज

सपाट मोकळ्या जागेत उभी करा, समोर कोणी नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकजवळ तयार ठेवा. तिसरा गिअर टाका, हलकी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय, किंमत त्या हिशोबाने पाडून मागा. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही खराब होईल. पॅडल अगदी वर आल्यावरच गाडी हलत असेल तर प्लेट झिजत आली आहे. क्लच दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. दुसरा गिअर टाकताना कर्र होत असेल तर सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसवणारी कडी, गेलाय, ते काम क्लचपेक्षा खर्चाचं आहे. आणि शक्य असेल तर आंबोलीच्या चढावर नेऊनच बघा: चौथ्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर ती गाडी घेऊ नका.